कॅलेडियम की ॲग्लोनिमा: उत्तरेकडच्या सावलीत काय लावावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात कोथरूडमधला जुना बंगला. घराची उत्तरेची भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये १२ फूट लांब, अडीच फूट रुंद मातीचा पट्टा. त्याच्या पश्चिम टोकावर शेजारच्या आंब्याच्या फांद्या येतात, पूर्व टोकाला गच्चीचा पाइप उतरतो. फुलझाडं तिथे टिकली नाहीत, म्हणून रंगीत पानांची झाडं हवी आहेत. नर्सरीवाल्याने कॅलेडियम आणि ॲग्लोनिमा अशी दोन नावं सांगितली आणि ‘दोन्ही सावलीत चालतात’ म्हणाला. मागच्या जूनमध्ये आणलेली कॅलेडियमची चार रोपं डिसेंबरात ‘मेली’, त्यामुळे आता एप्रिलमध्ये महागाचा ॲग्लोनिमाच घ्यावा का, हा पेच. घरात एक मांजर आहे आणि अडीच वर्षांचा नातू.

सगळ्यात आधी एक काम करा. त्या चार कुंड्या रिकाम्या समजून फेकल्या नसतील, तर उकरून बघा. दोन इंच खाली अळकुडीसारखा, तपकिरी, खडबडीत कंद लागेल. अंगठ्याने दाबा. बटाट्यासारखा घट्ट लागला तर तो जिवंत आहे. नखाने जरासं खरवडलं की आत ओलसर गर दिसतो. दाबल्यावर मऊ पडला, वास आला, किंवा हातात घेतल्यावर पोकळ, हलका वाटला आणि आत खडूसारखी भुकटी निघाली, तर मात्र गेला. कुंड्यांना जानेवारीनंतर पाणी घालत राहिला नसाल, तर चारातले दोन-तीन तरी शाबूत निघण्याची शक्यता बरीच आहे. डिसेंबरात पानं गळून जाणं हे कॅलेडियमचं मरण नव्हे, ती त्याची झोप.

म्हणजे ‘कोणतं झाड सावलीत चालेल’ हा खरा प्रश्नच नाही. दोन्ही चालतात, नर्सरीवाला खोटं बोललेला नाही. वर्षातले किती महिने तिथे पानं दिसायला हवीत, आणि उरलेल्या महिन्यांत उघडी माती बघून तुमची चिडचिड होणार की नाही, हा खरा प्रश्न.

दोन्ही झाडं अळूच्या कुळातली, सुरण आणि मनी प्लांट यांच्या भावकीतली. स्वभाव मात्र अगदी वेगळे. डोंगरउतारावरचं तेरं (रानअळू) आठवा. पहिल्या सरींनंतर वर येतं, श्रावण-भाद्रपदात माजतं, दिवाळीनंतर पिवळं पडून दिसेनासं होतं आणि कंद भुईत निजून राहतो. कॅलेडियमचं वर्ष तसंच चालतं. ते मूळचं दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातलं. तिथे वर्षाचा एक भाग ओला, एक कोरडा, म्हणून कोरड्या दिवसांत कंदात शिरून बसायची सवय त्याला जन्मजात आहे. ॲग्लोनिमा आशियातला, आग्नेयेकडच्या दमट जंगलात झाडांच्या पायथ्याशी वाढणारा. तिथे कडाक्याची थंडी नाही, आपल्यासारखा कोरडाठाक उन्हाळा नाही. त्यामुळे त्याला निजायला कंदही नाही. जाड खोड, संथ वाढ, आणि एकेक पान कित्येक महिने तसंच टिकून.

पुण्याच्या हवेत याचा हिशोब असा होतो. कॅलेडियमचा बहर जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, फार तर नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. म्हणजे पाच महिने. ॲग्लोनिमा बाराही महिने उभा राहतो, पण दोनदा त्याला जपावं लागतं: डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आणि एप्रिल-मेच्या दुपारी. त्याचा पैसा टिकाऊपणासाठी मोजायचा. घेतलं त्या दिवशीचं रूप बघाल, तर ऑगस्टमधल्या कॅलेडियमपुढे कुठलाही ॲग्लोनिमा फिका पडतो, हे माझं मत.

आता तुमच्या जागेकडे येऊ, कारण ‘उत्तरेला ऊन येत नाही’ हे पुण्यात अर्धंच खरं आहे. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो, आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. शिवाय २१ मार्च ते २३ सप्टेंबर या काळात तो रोजच पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो. परिणाम असा, की डिसेंबरात ज्या भिंतीला उन्हाचा स्पर्शही होत नाही, तिच्या पायथ्याशी मेमध्ये सकाळी तिरपं, बाराच्या सुमाराला वरून आणि चारनंतर पश्चिमेकडून असं तीनदा ऊन पडू शकतं. जून-जुलैत ढग असतात म्हणून ते जाणवत नाही. मे मात्र उघडा असतो आणि हवा कोरडी. हिवाळ्यात जागा बघून झाडं ठरवायची आणि मेमध्ये पानांवर भाजल्यासारखे कागदी डाग आले की खताला दोष द्यायचा, हे उत्तरेच्या पट्ट्यांमध्ये सर्रास होतं.

तेव्हा खरेदीआधी या आठवड्यात उजेड मोजा. पांढरा कागद मातीवर ठेवा आणि त्याच्या फूटभर वर पंजा पसरून धरा. पट्ट्याचं पूर्व टोक, मध्य आणि पश्चिम टोक अशा तीन जागी, सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच वाजता. बोटं वेगवेगळी, कडा रेखीव दिसल्या तर ते सरळ ऊन. बोटं ओळखू येतात पण कडा पुसट आहेत, तर ती उजळ सावली. पंजाचा नुसता धुरकट डाग दिसला तर मध्यम सावली. काहीच दिसलं नाही तर गडद. मोबाइलवर लक्स (उजेडाचं माप) मोजणारं ॲप असेल तर तेही चालेल, आकडा तंतोतंत नसला तरी तीन जागांची आपसातली तुलना कळते. हीच मोजणी मेच्या मध्यावर पुन्हा एकदा करा.

उजळ सावली ही कॅलेडियमची जागा. सकाळचं कोवळं ऊन तास-दीड तास मिळालं तर उत्तमच. मध्यम सावलीत ते येतं, पण देठ लांबतात, पानं जड होऊन बाहेरच्या बाजूला लोळतात आणि पहिल्या जोरदार सरीत आडवी होतात. गडद सावलीत कंद दरवर्षी लहान होत जातो, कारण पानांनी कमावलं तेवढंच त्याच्या पोटात साठतं. तिसऱ्या वर्षी सुपारीएवढा कंद आणि दोनच पानं, असा शेवट होतो. ॲग्लोनिमाच्या हिरव्या-रुपेरी जाती मध्यम सावलीत सुखाने वाढतात आणि गडद सावलीतही तग धरतात. वाढत नाहीत, नुसत्या राहतात. लाल-गुलाबी जातींना मात्र उजळ सावलीच लागते. हा लाल रंग संकरात मुख्यतः सुमात्रातल्या एका लालसर पानांच्या जातीकडून आला, आणि पुढे थायलंड-इंडोनेशियात त्यावर भरपूर काम झालं. ‘लिपस्टिक’ म्हणून मिळणारा लाल काठाचा त्यातलाच. कमी उजेडात त्याची नवी पानं हिरवट, मळकट येतात. जुनी लाल पानं गळून गेली की झाड ‘रंग उतरलेलं’ दिसतं. अंधाऱ्या टोकासाठी महागाचा लाल ॲग्लोनिमा घेणं म्हणजे निव्वळ पैसे घालवणं.

अंधाऱ्या कोपऱ्यात लाल किंवा गडद गुलाबी रंग लांबून दिसतही नाही. तिथे पांढरा उठून दिसतो. कॅलेडियममध्ये पांढऱ्या पानावर हिरव्या शिरांची ‘कँडिडम’ ही जुनी जात, किंवा ॲग्लोनिमात ‘सिल्व्हर क्वीन’, ‘स्नो व्हाइट’. मात्र पांढऱ्या पानात हरितद्रव्य कमी आणि पान पातळ, त्यामुळे ऊन लागलं की सर्वांत आधी तेच जळतं. कॅलेडियममध्ये हृदयाच्या आकाराच्या रुंद पानांचा एक गट आणि भाल्याच्या पात्यासारख्या अरुंद, किंचित जाड पानांचा दुसरा. तुमच्या पट्ट्याच्या ज्या भागात संध्याकाळचं ऊन येतं, तिथे अरुंद पानांचे घ्या, ते ऊन बरंच सोसतात.

थंडीचा मुद्दा ॲग्लोनिमासाठी निर्णायक आहे आणि नर्सरीत तो कुणी सांगत नाही. शेडनेटच्या दमट घरातून आलेल्या रोपाने १० अंशांची रात्र कधी पाहिलेली नसते. पारा १२-१३ च्या खाली चार-पाच रात्री सलग राहिला की नाजूक जातींच्या पानांवर काळपट-राखाडी, तेलकट, पाण्याने भिजल्यासारखे डाग दिसू लागतात. ते लगेच दिसत नाहीत, काही दिवसांनी उमटतात. त्यामुळे थंडीशी त्यांचा संबंध लक्षात येत नाही, बुरशी समजून बुरशीनाशक मारलं जातं आणि फरक पडत नाही. ओळखायची खूण अशी: डाग वरच्या, उघड्यावर असलेल्या पानांवर जास्त, झाकलेल्या पानांवर कमी, आणि ते पसरत जात नाहीत. बुरशीचा डाग बहुधा पिवळ्या कडेचा असतो आणि वाढतो.

पुणे सगळं एकसारखं थंड नसतं. पाषाण, एनडीए (खडकवासल्याची संरक्षण प्रबोधिनी), शिवाजीनगरकडे पारा ज्या रात्री ९-१० ला येतो, त्याच रात्री मगरपट्ट्यात तो काही अंश वरच असतो. कोथरूडमध्येही नदीकाठचा सखल भाग आणि दाट वस्ती यांत फरक पडतो. तुमच्या बाजूने दोन गोष्टी आहेत: आंब्याचं छत्र रात्रीची उष्णता थोडी अडवून धरतं आणि घराची भिंत दिवसाची ऊब सोडते. म्हणून ॲग्लोनिमा कंपाउंडकडे न लावता घराच्या भिंतीलगत, सहा-आठ इंच अंतर ठेवून लावा. डिसेंबर-जानेवारीत पाणी सकाळी दहानंतर, तेही माती दोन इंच कोरडी झाल्यावरच. संध्याकाळी गार पाणी घातलेली ओली माती आणि वरून थंड रात्र यात मुळं आधी जातात, पानं नंतर. जातींमध्येही फरक आहे. ‘सिल्व्हर क्वीन’ थंडीला फार हळवी, गडद हिरव्यावर रुपेरी पट्ट्यांची ‘मारिया’ त्या मानाने चिवट. बाहेर जमिनीवर वर्षभर ठेवायचं असेल तर पहिली पसंती ‘मारिया’लाच द्यावी.

उन्हाळ्याचा त्रास उष्णतेपेक्षा कोरडेपणाचा. सावलीत ३८ अंश या झाडांना चालतात, पण दुपारी हवेतला दमटपणा २०-२५ टक्क्यांवर उतरतो तेव्हा पानांच्या कडा वाळतात आणि लाल कोळी ही बारीक कीड माजते. पानाच्या मागच्या बाजूला बारीक जाळी आणि वरून पिन टोचल्यासारखे फिके ठिपके दिसले की तोच. आठवड्यातून दोनदा सकाळी पानांच्या मागून पाण्याची फवार मारली तर कोळी बराचसा आटोक्यात राहतो. कॅलेडियमचे कंद मार्चमध्येच ओलवून उठवू नका, ते याच कारणासाठी. कंदाला ऊब पुरेशी असते, तो फुटतोही, पण कोवळी पातळ पानं एप्रिलच्या वाऱ्यात उलगडता उलगडताच कडेने जळतात.

आता कंद लावण्याकडे जरा नीट लक्ष द्या, कारण चुका इथेच होतात. कंदाची एक बाजू गुळगुळीत, फुगीर असते, दुसरी चामखिळीसारख्या गाठींची. गाठी म्हणजे डोळे, ती बाजू वर. कॅलेडियमची मुळं कंदाच्या तळातून येत नाहीत, वरच्या बाजूने, डोळ्यांभोवतूनच फुटतात. म्हणून कंद मातीच्या पृष्ठभागावर नुसता टेकवून ठेवला तर मुळांना माती मिळत नाही आणि रोप डुलत राहतं. कंदावर दीड ते दोन इंच माती हवीच. उलटा लावला गेला तरी येतो, फक्त आठ-पंधरा दिवस उशिरा आणि किंचित वाकडा.

दीड इंचापेक्षा मोठा कंद असेल तर मधला मोठा डोळा काढून टाका. नीट बघितलं तर मध्यभागी एक ठसठशीत कोंब आणि भोवती बारीक पाच-सात दिसतील. तो मधला तसाच ठेवला तर चार-पाच मोठी पानं येतात आणि झाड उंच, विरळ दिसतं. सालं काढायच्या सुरीचं टोक घेऊन तो कोंब तीन-चार मिलिमीटर खोल कोरून काढा, शेजारचे डोळे दुखावू देऊ नका. जखम सावलीत एक दिवस सुकू द्या, वाटलं तर चिमूटभर बुरशीनाशक पावडर लावा. मग बाजूचे सगळे डोळे एकदम उठतात. पानं आकाराने थोडी लहान पण दुप्पट, आणि झाड गोल, भरलेलं. तुमच्यासारख्या अरुंद पट्ट्यात असंच झाड शोभतं. लहान कंदावर हा प्रयोग करू नका, त्याची तेवढी शिदोरी नसते.

कंद मेच्या तिसऱ्या आठवड्यात सहा इंची कुंड्यांमध्ये लावा. एक भाग बागेची माती, एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळ खत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि अर्धा भाग जाड वाळू. लावल्यावर एकदा पाणी, मग कोंब दिसेपर्यंत माती फक्त दमट. या दिवसांत जास्त पाणी म्हणजे कुजलेला कंद. ऊब चांगली असल्याने तीन-चार आठवड्यांत कोंब येतात, म्हणजे मॉन्सूनच्या पहिल्या पावसाला पानं उलगडायला लागतात. तिथून सप्टेंबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम. युरिया नको. नत्र जास्त झालं की पान हिरवं होत जातं आणि ज्या रंगासाठी हा खटाटोप केला तोच दबतो. मध्ये अळूच्या फुलासारखा फिकट नावेसारखा दांडा दिसला तर मुळाशी कापून टाका, तो कंदाचं अन्न खातो.

ॲग्लोनिमा जमिनीत लावण्यापेक्षा आठ किंवा दहा इंची कुंडीत लावून कुंडी जमिनीत पुरणं बरं. जुन्या बंगल्यांच्या कडेची माती बहुधा काळी किंवा मुरूम आणि बांधकामाच्या राडारोड्याची भर असते. काळी माती ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस चिखल राहते, राडारोड्यात चुना असतो, आणि ॲग्लोनिमाला दोन्ही मानवत नाहीत. कुंडीसाठी दोन भाग कोकोपीट, एक भाग माती, एक भाग परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) किंवा हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे, एक भाग गांडूळ खत आणि मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट धुतलेलं घ्या, नाहीतर त्यातल्या क्षारांनी पानांची टोकं करपतात. बोअरचं जड पाणी वर्षभर घातल्यानेही तेच होतं, तेव्हा पालिकेचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी मिळत असेल तर ते या झाडांसाठी ठेवा. आठ इंची कुंडीला उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड साधारण अर्धा लिटर, थंडीत आठ-दहा दिवसांनी. पण आकड्यापेक्षा बोट खरं: दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं की पाणी.

विकत घेताना रोप कुंडीतून अलगद बाहेर काढून बघू द्या म्हणावं. आपल्याकडच्या सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांत येणारा बराच माल बाहेरून, आंध्रातल्या कडियमसारख्या ठिकाणांहून येतो, आणि प्रवास सोपा जावा म्हणून नुसत्या कोकोपीटमध्ये असतो. मुळांच्या मध्यभागी कधी कधी जाळीची छोटी प्लास्टिकची वाटी तशीच राहिलेली असते. मुळं तिच्या भोकांतून बाहेर पडतात आणि जाड झाली की आवळली जातात. ती कात्रीने अलगद कापून काढा. खोड बुंध्याशी दाबून बघा, टणक हवं. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो मिलीबग. असं रोप स्वस्तात मिळालं तरी घरी आणू नका, पट्ट्यातली बाकीचीही जातील. घरी आल्यावर लगेच कुंडी बदलायची घाई नको. दहा-बारा दिवस सावलीत रुळू द्या.

पावसाळ्यात ॲग्लोनिमाचा शत्रू पाऊस नसतो, ठिबकणं असतं. आंब्याच्या फांदीवरून किंवा छज्जाच्या टोकावरून एकाच जागी थेंब पडत राहिले की पानांच्या मधल्या पोंग्यात पाणी साचतं आणि खोड वरून कुजतं. जोराच्या पावसात एकदा छत्री घेऊन बाहेर उभे राहा, धारा कुठे पडतात ते बघा आणि कुंड्या त्या रेषेतून हलवा. माती ओली असूनही पानं मान टाकत असतील तर पाणी कमी पडलं असं समजू नका, मुळं कुजली आहेत. रोप उपटा, काळी, सालपट सुटणारी मुळं पांढऱ्या भागापर्यंत कापा. फारच गेलं असेल तर वरचा चार-पाच इंचाचा निरोगी शेंडा कापून जाड वाळूत लावा. ऊब असताना महिना-दीड महिन्यात मुळं धरतो.

आंब्याचे दोन त्रास आहेत, ते आधीच सांगतो. एक, त्याची तंतुमय मुळं पुरलेल्या कुंडीच्या भोकांतून आत शिरतात आणि वर्षभरात तुमची कुंडी त्याची होते. महिन्यातून एकदा प्रत्येक कुंडी पाव वळसा फिरवा, आलेली मुळं तिथेच तुटतात. दुसरा, मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा खाली पडतो, पानं चिकट होतात आणि त्यावर काळी बुरशी धरते. ती पानाच्या आत जात नाही, ओल्या फडक्याने पुसली की निघते. कॅलेडियम त्या वेळी जमिनीखाली असतं, त्याला हा ताप नाही.

कॅलेडियमला मात्र पावसाळ्यात गोगलगायी आणि अळ्या येतात. रात्रीत पानाला रुपयाएवढी भोकं आणि सकाळी चकाकणारा माग दिसला तर गोगलगाय. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन चिमट्याने वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाका. त्यांच्यासाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात, त्या तुमच्या घरात अजिबात नकोत, मांजर खाऊन दगावू शकतं. पान कडेकडून भराभर संपत असेल आणि खाली मोठ्या काळ्या लेंड्या दिसल्या, तर शेपटीवर काट्यासारखं शिंग असलेली जाड अळी वर कुठेतरी देठाला चिकटलेली सापडेल. हाताने काढणं पुरेसं होतं. मिलीबगवर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसा, नंतर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि एक मिली भांडी घासायचं लिक्विड घालून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा, कारण अंड्यांवर पहिली फवारणी चालत नाही.

ऑक्टोबरअखेर कॅलेडियमची पानं एकामागून एक पिवळी पडू लागतील. तेव्हा खत घालून ती थोपवायचा प्रयत्न करू नका. पाणी कमी करत न्या, अर्ध्याहून जास्त पानं गेली की बंद. दोन-तीन आठवड्यांनी कुंड्या जिन्याखाली आडव्या करून ठेवल्या तरी चालतं, पण जागा ओल येणारी नको. कंद काढायचे असतील तर आठवडाभर सावलीत वाळवून, माती झटकून, कोरड्या कोकोपीटमध्ये किंवा कागदी पिशवीत, कोरड्या जागी ठेवा. फ्रिजमध्ये नाही, १५ अंशांखाली कंद खराब होतो. पिशवीवर रंग लिहून ठेवा, मेमध्ये सगळे कंद सारखेच दिसतात.

या सगळ्यातून तुमच्या पट्ट्यासाठी मी सुचवीन ते असं. घराच्या भिंतीलगत दीड-दीड फुटावर हिरव्या-रुपेरी ॲग्लोनिमाच्या सात कुंड्या, पाइपाकडची दीड फूट जागा सोडून. सगळ्या एकदम घेऊ नका. या जूनमध्ये तीन घ्या, एक हिवाळा काढू द्या, मग उरलेल्या चार. पुढच्या बाजूला, कंपाउंडकडे, नऊ-दहा इंचांवर कॅलेडियमच्या सहा इंची कुंड्यांची एक ओळ, बारा-तेरा कुंड्या. त्यातले वाचलेले कंद तुमच्याकडे आहेतच. आंब्याखालच्या तीन फुटांत, तिथलं मेमधलं ऊन कागदावर पुसट दिसलं तर, एखादा लाल ॲग्लोनिमा बसवून बघता येईल. नोव्हेंबरात पुढची ओळ उचलली की त्या खड्ड्यांत स्पायडर प्लांटच्या कुंड्या ठेवा. मेमध्ये पश्चिमेचं ऊन आलंच, तर पट्ट्याच्या पश्चिम टोकाला ५० टक्क्यांचं शेडनेट उभं बांधलं तरी पुरतं, वरून छत लागत नाही.

माझा अंदाज चुकू शकतो तो दोन बाबतींत: तुमची भिंत किती उंच आहे आणि कंपाउंडची उंची किती. कंपाउंड सहा फुटांचं असेल तर पुढची ओळ मी म्हणतो त्यापेक्षा अंधारात असेल. मग कागदाची चाचणी काय सांगते तेच धरा, आणि कॅलेडियम निम्मीच लावा.

नातू आणि मांजर यांचं राहिलं. दोन्ही झाडांत अळूसारखेच सुईच्या आकाराचे ऑक्झलेटचे स्फटिक असतात, आणि इथे अळूवडीसारखी उकडून-चिंच घालून सुटका नाही. ही पानं आणि कंद खाण्याचे नाहीतच. चावल्यास तोंडाची आग, लाळ, सूज येते. तोंड पुसून, गार पाणी किंवा दूध द्यावं, आणि सूज वाढली किंवा गिळायला त्रास झाला तर लगेच डॉक्टर. अडीच वर्षांच्या मुलाच्या हाताला रंगीत पान लागणारच, म्हणून पुढच्या ओळीसमोर वर्षभर तरी फूटभर उंचीची जाळी लावा. कंद वाळवायला ठेवाल तेही त्याच्या हाताला न लागेल असे उंचावर, कारण लहान मुलाला तो बटाटाच वाटतो. मांजराला उकरायला मोकळी माती आवडते, तेव्हा कुंड्यांमध्ये वरून विटांच्या तुकड्यांचा थर द्या.

गच्चीच्या पाइपाखाली यातलं काहीच लावू नका. तिथे सोडलेल्या दीड फूट जागेत खडी टाका आणि पाणी कंपाउंडकडे वळवा.